कोचाबांबाचं तिकीट

निकोलासाबाई चुकिमिया यांना अक्षरं आधी उलटी वाचता आली, मग सुलटी. चौदाव्या वर्षी त्या तळ्याकाठच्या आचाकाचीहून ला पास शहरात आल्या, त्या एका छापखान्यात झाडू मारायला. जमिनीवर सांडलेले शिशाचे टाईप वेचायचे आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, एवढंच काम. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण वेचता वेचता बोटांना अक्षरं कळायला लागली, आणि शिशावरची अक्षरं असतात उलटी. त्यामुळे छापलेला कागद पहिल्यांदा हातात आला तेव्हा बाई मालकाला म्हणाल्या, "मास्तर, हे सगळं चुकलंय!" छापखाना आठवडाभर हसत होता. वर्षभरात त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक ओळ बाहेर जाईनाशी झाली, तेव्हा हसणारे गप्प बसले.

त्या छापखान्याचं पोट भरायचं ते जानेवारीत. चोवीस तारखेला अलासितासची जत्रा. त्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला ज्याला जे हवं ते त्यानं इवलंसं घ्यायचं, त्याला धूप दाखवायचा आणि घरी नेऊन मिशाळ एकेको देवापुढे ठेवायचं. बोटभर ट्रक, मुठीएवढं घर, काडेपेटीएवढी पदवी, लग्नाचा दाखला, घटस्फोटाचाही. वर्षभरात मोठं येतं. आणि नाही आलं तर? तर लोक देवाला बोल लावत नाहीत, छापणाऱ्याला लावतात. म्हणून बाईंचा कटाक्ष एकच, मागणाऱ्याच्या कागदात एक अक्षर चुकता कामा नये. भिंगाशिवाय वाचता येणार नाही असा शिक्का असला तरी त्या शिक्क्यातलं स्पेलिंग बरोबर पाहिजे.

पुढे छापखाना बंद पडला आणि बाईंनी घरीच धंदा मांडला. नवरा ओरुरोच्या बसवर चालक होता. रोसमेरी वर्षाची असताना तो एकदा ओरुरोला गेला आणि तिकडेच दुसरीच्या घरी राहिला. त्याबद्दल बाई एवढंच सांगतात, "बस वेळेवर सुटली होती." मग काय, पोरगी पाठीला बांधून त्यांनी चढावरच्या जागेवर घर उभं केलं, दर सहा-सात वर्षांनी एक मजला. तीन मजले, त्रेसष्ट पायऱ्या. खाली रस्त्याच्या दाराशी प्रिंटर, कारण गिऱ्हाईक तिथे येतं. मधल्या मजल्यावर बाईंचा जुना संगणक. तिसऱ्यावर रोसमेरी, जिनं चित्र-अक्षरांच्या मांडणीचं रीतसर शिक्षण घेतलंय आणि जी आता बाईंचे सगळे इवले कागद आखते.

आता अशा घरात काम कसं चालायचं ते ऐका. रोसमेरी वर कागद आखणार, पेनड्राइव्हवर घालणार, बाई तो चोळीत खोचून मधल्या मजल्यावर येणार, भिंग लावून तपासणार, एखादं अक्षर दुरुस्त करणार, पुन्हा चोळीत, पुन्हा खाली, छापायला. खाली कळायचं की फोटो चुकीचा. पुन्हा त्रेसष्ट. या गावची हवा विरळ, दोन जिने चढले की जवान माणूस धापा टाकतो, बाईंची तर साठी उलटलेली. गुडघ्यांनी एक दिवस स्पष्ट सांगितलं, आता बास.

"आई, तिन्ही संगणक एकमेकांना जोडायचे आणि प्रिंटर सगळ्यांचा करायचा. सोपं आहे," रोसमेरी म्हणाली. "रविवारी करते मी. तू हात नको लावूस, तुला नाही जमायचं."

झालं! 'तुला नाही जमायचं' हे तीन शब्द ज्यानं ज्यानं बाईंना ऐकवले, त्यानं त्यानं पुढे मान खाली घातलेली आहे. सोमवारी पोरगी नोकरीवर गेली तशा बाई बाजारातल्या संगणकवाल्याकडे गेल्या, वहीत सगळं उतरवून घेतलं, आणि राउटर व वायरचं भेंडोळं घेऊन आल्या. वहीत लिहिलं होतं, 'प्रत्येक यंत्राचं नाव वेगळं, गटाचं नाव एकच.' बाईंनी विचार केला, नाव काय, कुठलंही चालेल, पण प्रत्येक मजल्याला आपला आपला राखणदार संत हवा. म्हणून गटाच्या जागी तीन मजल्यांना तीन संतांची नावं दिली, आणि यंत्रं एकाच घरातली म्हणून तिन्ही यंत्रांचं नाव 'चुकिमिया' ठेवलं. तीन दिवस तिन्ही यंत्रं एकमेकांना ओळख दाखवीनात. चौथ्या दिवशी बाईंनी वही पुन्हा वाचली आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. संतांची क्षमा मागून त्यांना यंत्रांवर बसवलं आणि चुकिमिया नावाचा एकच गट केला. खालच्या यंत्राला 'हा प्रिंटर घरच्यांना वापरू दे' म्हणून खूण केली. मग मधल्या मजल्यावरून छापायचा हुकूम सोडला, आणि खालून प्रिंटरचा घर्रर्र आवाज आला. बाईंनी भुईवर बसून टाळ्या वाजवल्या.

नवीन वस्तू घरात आली की तिच्यावर दारूचे चार थेंब शिंपडायचे, रंगीत कागदाचे कपटे उडवायचे, ही इथली रीत. मोटार असो, शिलाईयंत्र असो, धरणीमातेचा वाटा आधी द्यायचा. बाईंचा आनंदच एवढा होता की त्यांनी थेंब न शिंपडता राउटरला अर्धा ग्लास बियर पाजली. राउटरनं एक निळा दिवा लावला, एक हिरवा लावला आणि डोळे मिटले.

"आई!" संध्याकाळी रोसमेरी हसून हसून जिन्यात बसली. "तू त्याला दारू पाजलीस?"

"धरणीमातेला पाजली. तो मध्ये आला."

दुसरा राउटर आला, त्याला हातभर लांबून नुसते कपटे दाखवले. आणि मग फायलींची वाटणी. वहीत तेही होतं. दुसऱ्याला फक्त वाचता येईल असं ठेवायचं, की वाचता आणि बदलताही येईल असं, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. बाई म्हणाल्या, माझ्या घरात खोल्यांना कुलपं नाहीत, मग फायलींना कशाला? सगळीकडे 'वाचा आणि बदला'ची खूण. शिवाय रोसमेरीच्या यंत्रावर मागण्यांचं तेवढं एक फोल्डर वाटायचं, ते सोडून बाईंनी घाईघाईत त्याच्यावरची सगळीच फोल्डरं वाटून टाकली. रोसमेरीला वाटत होतं आईला मागण्या दिसतात. आईला सगळं दिसत होतं.

बाईंनी मुद्दाम पाहिलं असं म्हणणाऱ्याच्या तोंडाला मी काळं फासीन. जानेवारीची बावीस तारीख, मागण्यांचा ढीग पडलेला. बाई एका दंतवैद्याची पदवी शोधत होत्या. 'आर' नावाचं फोल्डर दिसलं. दंतवैद्याचं नाव रेमिहियो, म्हणून उघडलं. आत एक इवला पासपोर्ट होता, इवला व्हिसा होता, विमानाचं इवलं तिकीट होतं, ला पास ते वालेन्सिया. पासपोर्टावर फोटो रोसमेरीचा. आणि बाजूला एक मोठं, खरं पत्र. वालेन्सियाच्या कुठल्याशा विद्यालयानं तिला दोन वर्षांच्या शिक्षणाला घेतलं होतं, स्पेनच्या वकिलातीत मुलाखत तीन फेब्रुवारीला.

पोरीनं चकार शब्द काढला नव्हता. सकाळीच तर दोघी एका ताटलीतून पाव खात होत्या, आणि ही शहाणी म्हणत होती, आई, पाव जरा जास्त भाजलाय गं. स्पेन! तिथे गेलेल्या किती परत आल्या? चढावरच्या तेरा घरांतल्या पोरी गेल्या, तेरा घरांत आता फोनवर नातवंडं दिसतात. दोन वर्षं म्हणे. नवराही दोन दिवसांचं म्हणूनच गेला होता.

विचारावं? मुळीच नाही. तिनं सांगितलं नाही तर मी का विचारू? बाई पडद्याकडे बघत बसल्या. तिकिटावरचा 'वालेन्सिया' हा शब्द त्यांच्या डोळ्यांत कुसळासारखा सलत होता. फाईल बदलता येत होती. खूण त्यांनीच केली होती ना!

त्यांनी 'वालेन्सिया' खोडलं आणि 'कोचाबांबा' लिहिलं. कोचाबांबा चांगलं गाव आहे, हवा उबदार, जेवण झकास, रात्रीच्या बसनं पहाटे पोचता येतं, बहीणही राहते तिथे. जायचंच असेल तर तिथे जा ना, मेले! आता त्यांच्या लिपीत वालेन्सियाची अक्षरं आठ आणि कोचाबांबाची दहा. जागेत बसेनात. बाईंनी टाईप किंचित बारीक केला, अक्षरांमधली फट कमी केली, दोनदा तपासलं. पाप करायचं तेही नेटकं. मग फाईल जपून ठेवली आणि दंतवैद्याच्या मागे लागल्या.

तेवीसला बाई जत्रेत दुकान मांडायला गेल्या होत्या तेव्हा रोसमेरीनं आपला कागद घरी गुपचूप छापला, कापला, शिवला. एवढी बारीक अक्षरं भिंगाशिवाय कोण वाचतंय, आणि स्वतःच आखलेला कागद कोण तपासतंय? लिफाफ्यात घालून तिनं तो तेओदोराच्या हाती दिला. तेओदोरा म्हणजे रोसमेरीची धर्ममाता, बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातांवर धरणारी. म्हणून ती आणि निकोलासाबाई एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणतात, आणि जत्रेत दोघींची दुकानं शेजारी शेजारी. तेओदोरा प्लास्टरची इवली घरं विकते. अलासितासची वस्तू आपणच विकत घेतली किंवा बनवली, तरी हातात दुसऱ्यानं द्यावी लागते, तरच फळते. म्हणून हा सगळा खटाटोप.

चोवीसला सकाळी दहा वाजता तेओदोरानं उकडलेला मका सोलता सोलता तोंड उघडलं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे रोसमेरीला कळायला हवं होतं.

"कोमाद्रे, तुझ्या लेकीनं मला एक लिफाफा दिलाय. बाराला तिच्या हातात द्यायचाय. आईला अजिबात सांगू नका म्हणाली."

"मग मला का सांगतेस?"

"तुला नाही तर कुणाला सांगू? आत काय आहे मी पाहिलेलं नाही हं. हलवून पाहिलं फक्त. नवरा असेल का गं?"

"नवरा एवढा पातळ नसतो," बाई म्हणाल्या आणि नजर वळवली. चोराच्या मनात चांदणं.

तेवढ्यात एक मास्तरीणबाई आल्या, गेल्या वर्षीच्या गिऱ्हाईक. हातात पिशवी, गालांवर उन्हाची लाली. "निकोलासाबाई, नेमणूक झाली हो माझी! तुमच्या कागदामुळे. आणि गंमत ऐका. मला मागायचं होतं ओरुरो, घाईत मी तुम्हाला सांगितलं पोतोसी. तुम्ही छापलंत पोतोसी. लागली कुठे? पोतोसीला! तुमच्या कागदात असतं तेच होतं बघा, अक्षर न् अक्षर." आणि त्या खदाखदा हसल्या.

बाईंनी त्यांना यंदाची इवली शाळा-इमारत दिली, हसल्यासारखं केलं, आणि गिऱ्हाईक पाठमोरं झाल्याबरोबर स्टुलावर बसल्या. सव्वीस वर्षांची पोर. लहानपणापासून दुसऱ्यांच्या पदव्या, दुसऱ्यांची तिकिटं आखत आली. स्वतःसाठी पहिल्यांदा काही मागतेय, आणि आईनं देवाच्या हातात खोटा कागद ठेवला. तीन तारखेला वकिलातीतला माणूस 'नाही' म्हणाला, तर तो कुणाचा 'नाही' असेल? पंचेचाळीस वर्षांत परक्या माणसाचं एक अक्षर चुकवलं नाही. चुकवलं ते पोटच्या पोरीचं, आणि तेही जाणूनबुजून.

"तो लिफाफा दे इकडे."

"अगं पण मी शपथ..."

"तेओदोरा, दे!"

भिंगाखाली कोचाबांबा स्वच्छ दिसत होतं. छपाई उत्तम आली होती. बाईंना रडू फुटलं, आणि रडता रडता त्यांनी फोन लावला. रोसमेरी घरी होती, शेवटच्या मागण्या छापत. साडेदहा वाजून गेले होते.

"रोसमेरी, खाली प्रिंटर चालू आहे का?"

"आहे. का गं?"

"तुझ्या यंत्रावर 'आर' नावाचं फोल्डर आहे. त्यातली फाईल पुन्हा छाप."

पलीकडे खुर्ची करकरली.

"आई, तुला 'आर' कसं माहीत?"

"मला सगळं दिसतं. मी सगळंच वाटून टाकलं होतं. चुकून."

"आणि पाहिलंस."

"पाहिलं. नुसतं पाहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी बदललंही. तिकिटावर गावाचं नाव बघ."

पलीकडून माउसच्या दोन-तीन टिचक्या ऐकू आल्या. बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"कोचाबांबा?" रोसमेरीचा आवाज इतका चढला की तेओदोरानं मका खाली ठेवला. "आई! कोचाबांबा? मावशीकडे?"

"गाव चांगलं आहे."

"तू माझ्या तिकिटावर... माझ्या देवाच्या तिकिटावर..."

"हो! केलं मी! आणि तू? तू मला कधी सांगणार होतीस? विमानातून?"

"मुलाखत झाली की सांगणार होते! आधी सांगितलं असतं तर तू काही बोलली नसतीस, नुसती पायऱ्या चढ-उतर करत राहिली असतीस, आणि मला ते बघवलं नसतं. म्हणून नाही सांगितलं. कळलं?"

कळलं होतं. बाईंनी पदरासारखी खांद्यावर घेतलेली शाल तोंडाशी धरली. "तुला हवं ते नाव घाल आणि छापून आण," त्या म्हणाल्या. "जे हवं ते. मी काही बोलणार नाही. बाराच्या आत ये."

फोन ठेवल्यावर तेओदोरा हळूच म्हणाली, "म्हणजे नवरा नव्हता." बाईंनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिनं एक अख्खं घर गिऱ्हाइकाला उलटं बांधून दिलं.

त्यानंतरचा तास सव्वा तास बाईंनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. हात पदव्या देत होते, डोळे पोरगी येणार त्या केबल कारच्या बाजूला. आता गर्दीचं विचारू नका, अख्खं गाव बाराच्या आत खरेदीला उतरलेलं, कचेऱ्यांतले साहेब टाय सैल करून इवल्या मोटारींसाठी हमरीतुमरीवर आलेले. आणि मनात, मी खोटं सांगणार नाही, मनात त्यांच्या एक आशा होती. पोरगी भांडली, मन मोकळं झालं. आता बसली असेल पडद्यापुढे. बघत असेल त्या शब्दाकडे. एखादे वेळी राहू देईल. एखादे वेळी म्हणेल, जाऊ दे, आई एकटी.

बाराला आठ मिनिटं असताना रोसमेरी आली. केस विस्कटलेले, छातीशी दोन पुठ्ठे धरलेले. पुठ्ठ्यांच्या मध्ये न कापलेला कागद. तो तिनं आईपुढे ठेवला.

बाईंनी भिंग घेतलं. आधी वाचायचं, मग कापायचं, ही जन्माची सवय. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. शिक्का बरोबर. तिकीट.

वालेन्सिया. आठ अक्षरं, टाईप पुन्हा पहिल्या मापाचा, फटी पुन्हा मोकळ्या.

बाकी काही बदललेलं नव्हतं. जायचंच होतं पोरीला.

बाईंनी कात्री उचलली. कोपर टेबलावर टेकवलं आणि चारी बाजू सरळ कापल्या. घडी घातली, दोन टाके मारले, कडा नखानं दाबली. तेओदोरानं सवयीनं हात पुढे केला, द्यायचं काम तिच्याकडे होतं ना. बाईंनी तो हात बाजूला सारला.

"मी देणार."

चर्चच्या घंटा सुरू झाल्या आणि सगळी जत्रा एकदम पुढे सरकली. धूप घालणारा म्हातारा निखाऱ्यांचं भांडं घेऊन त्यांच्या दुकानापुढे आलाच होता. बाईंनी पासपोर्ट रोसमेरीच्या तळहातावर ठेवला आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून धुरावर नेला. धूर दोघींच्या डोळ्यांत गेला. म्हाताऱ्यानं फुलांच्या पाकळ्या टाकल्या, वाईनचे थेंब टाकले, आणि विचारलं, "कोण देतंय?"

"आई."

"काय मागतेस?"

बाईंचे ओठ हलले. घंटा वाजत होत्या, चारी बाजूंनी लोक आपापलं मागणं ओरडत होते, कुणी ट्रक, कुणी मूल, कुणी नवऱ्याची दारू सुटू दे म्हणून.

"ऐकू नाही आलं, मामिता!" म्हातारा खेकसला. "बारा वाजलेत. सगळं गाव एकदम मागतंय. देवाला दोनच कान आहेत. मोठ्यानं बोल!"

"आई, राहू दे," रोसमेरी म्हणाली. ती रडत होती. "मनात म्हण. चालतं."

"चालत नाही," निकोलासाबाई म्हणाल्या. त्यांनी पोरीचा हात आणखी वर उचलला, छातीत मावेल तेवढी ती विरळ हवा भरून घेतली, आणि पलीकडच्या चार दुकानांतली माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, "माझी पोर वालेन्सियाला जाऊ दे!"